'लागू नाही' नावाची फाईल

माझ्या टेबलाच्या डाव्या खणात ३१ वर्षं एक फाईल होती. पुठ्ठ्याची, लाल नाडीची. वर माझ्याच अक्षरात लिहिलेलं : 'आपल्याला लागू नाही'. कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावातलं आमचं २० खाटांचं ट्रस्टचं रुग्णालय. १९९१ साली मी तिथं कारकून म्हणून लागलो आणि २०२२ साली व्यवस्थापक म्हणून निवृत्त झालो. खुर्ची तीच होती, मध्ये कधीतरी तिला हात आले इतकंच.

डॉक्टर रुग्ण तपासायचे, मी कागद तपासायचो. नवा नियम आला, परिपत्रक आलं की पहिला प्रश्न ठरलेला : हे आपल्याला लागू आहे का? नसेल तर त्या फाईलीत. सुरुवातीला ती इतकी फुगली होती की नाडी पुरत नसे. मी उठलो तेव्हा आत तीन कागद होते. ती रोडावत कशी गेली, ते लिहितो. अनुक्रमांक घालायची सवय काही सुटत नाही.

१. 'आपल्याला सूट आहे' म्हणणाऱ्याला आधी कलम विचारावं

आमचे अध्यक्ष अण्णा. गुळाची आडत, कपाळाला गंध, मन मोठं. १९९४ साली सिव्हिल सर्जनच्या कार्यालयातून पत्र आलं की, आपल्या शुश्रूषागृहाची नोंदणी आढळून येत नाही. मी पत्र घेऊन आडतीवर गेलो. अण्णा म्हणाले, "अरे, आपण काय धंदा करतोय का? धर्मादायकडं नोंद हाय की आपली. आपल्याला सूट असणार." त्या 'असणार'वर मी चार महिने काढले. पत्र फाईलीत.

दुसरं पत्र जरा चढ्या आवाजात आलं, तेव्हा एस.टी. पकडून जिल्ह्याला गेलो. तिथल्या हेडक्लार्क भाऊसाहेबांनी न रागावता १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणीचा कायदा पुढ्यात ठेवला. सूट कुणाला? सरकारनं किंवा स्थानिक संस्थेनं चालवलेल्या रुग्णालयांना, आणि मनोरुग्णालयांना, कारण त्यांचा कायदा तेव्हापासूनच वेगळा. "यात तुम्ही कुठं बसता सांगा," भाऊसाहेब म्हणाले. बसायला पाटच नव्हता. पैसे घेता की पुण्य करता, हे तो कायदा विचारतच नाही. आजारी माणसाला आत ठेवून घेता का आणि त्याची शुश्रूषा करता का, एवढंच विचारतो. ठेवून घेत असाल तर नोंदणी करा, आणि दर तीन वर्षांनी ३१ मार्चच्या आत नूतनीकरणाला या.

खाट नसलेला साधा दवाखाना मात्र आपल्याकडे या कायद्याच्या बाहेर राहतो. बेळगावचे एक डॉक्टर आमच्याकडे शस्त्रक्रियेला यायचे, त्यांना याचं मोठं नवल वाटे. त्यांच्याकडे कर्नाटकाच्या २००७ च्या कायद्यानं एका खोलीतल्या दवाखान्यालाही नोंदणी लागते. केंद्राचा २०१० चा कायदाही एकट्या डॉक्टरला धरतो आणि सैन्यदलांची रुग्णालयं तेवढी वगळतो. पण महाराष्ट्रानं तो स्वीकारलेला नाही. गोव्यानं २०१९ मध्ये स्वतःचा केला.

धर्मादाय नोंदीचं पुढं काय झालं, तेही सांगतो. २००६ मध्ये उच्च न्यायालयानं योजना घालून दिली. धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांना मोफत ठेवायच्या, १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या आणि बिलांच्या २ टक्के रक्कम त्यासाठीच्या निधीत टाकायची. आम्ही सूट मागायला गेलो होतो, सूट द्यायला लागलो. अण्णांना मात्र याचं वाईट वाटलं नाही. "हेच तर करायला बसलोय," म्हणाले.

२. डॉक्टरला सूट असते, त्यांच्या कपाटाला नसते

औषध विकायला परवाना लागतो, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. डॉक्टरला मात्र स्वतःच्या रुग्णाला स्वतःजवळचं औषध द्यायला तो लागत नाही. औषधांच्या १९४५ च्या नियमांना जोडलेल्या शेड्यूल के मध्ये ही सूट आहे. तिला अटी आहेत. औषध परवानाधारकाकडूनच घेतलेलं हवं, खरेदीची नोंद बॅच नंबरासकट हवी, मुदत उलटलेलं देता कामा नये, आणि दुकान मांडायचं नाही.

आमच्या डॉक्टरीणबाईंच्या तपासणीच्या खोलीत असं एक कपाट होतं. लोहाच्या गोळ्या, उलटीच्या गोळ्या, दोन-तीन इंजेक्शनं. बाई भाचीच्या लग्नाला पुण्याला गेल्या. दोन दिवस ओपीडी बंद, पण बायका येतच होत्या. आमच्या सिस्टरनं चांगुलपणानं कपाट उघडलं आणि 'मागच्याच गोळ्या' द्यायला सुरुवात केली. पैसे बशीत. दुसऱ्या दिवशी औषध निरीक्षक आले, ते खरं तर खालच्या मेडिकल स्टोअरच्या नेहमीच्या तपासणीला. वर डोकावले, बशी बघितली आणि इतकंच विचारलं, "बाई कुठं आहेत?"

बाई पुण्यात, गोळ्या इथं, म्हणजे ते दुकान झालं. बिलं मी जपून ठेवली होती म्हणून ताकीद देऊन साहेब गेले. पुढं चेन्नईतल्या एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंवर दवाखान्यात थोडी औषधं सापडली म्हणून खटला भरला गेला आणि सर्वोच्च न्यायालयानं २०२३ च्या मार्चमध्ये तो रद्द केला, हे वाचलं तेव्हा मला ती बशी आठवली. सूट खरी ठरली, पण कुठवर जाऊन! सहा-सात वर्षं डोक्यावर टांगती तलवार बाळगण्यापेक्षा २५ रुपयांचं रजिस्टर परवडतं.

त्या दिवसापासून किल्ली बाईंच्या पर्सला.

३. काही सुटी जनगणनेला बांधलेल्या असतात

त्याच शेड्यूलमध्ये एक गमतीची नोंद आहे. हजारापर्यंत वस्तीच्या खेड्यात किराणा दुकानदाराला तापाची गोळी, ग्राइप वॉटर, टिंक्चर आयोडीन, एरंडेल असली घरगुती औषधं परवान्याशिवाय विकता येतात, मूळ पाकीट न फोडता. माझ्या मामाच्या गावी एक वाणी अशीच गोळी द्यायचा, पण कात्रीनं एकेक कापून. गाव हजाराच्या वर कधी गेलं, हे त्याला कुणी कळवलं नाही. कळवायची पद्धतही नाही.

४. सूट आपल्याला मिळते, सुई दुसऱ्याला लागते

हे जरा सविस्तर लिहितो, कारण यात माझी चूक आहे.

रुग्णालयाबरोबरच ट्रस्टचा शेजारच्या गावात एक छोटा दवाखाना होता. आठवड्यातून तीन दिवस, खाट नाही. जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम १९९८ साली आले. त्यात अशी तरतूद होती की महिन्याला हजारापेक्षा कमी रुग्ण पाहणाऱ्या दवाखान्यांना प्रदूषण मंडळाकडून प्राधिकारपत्र घ्यायची गरज नाही. मी नियम वाचला, रजिस्टर वाचलं आणि आनंदानं कागद फाईलीत ठेवला. एक फी वाचली, एक हेलपाटा वाचला.

इतर महिन्यांत सहाशे-सातशे रुग्ण. पण जुलै-ऑगस्टात तापाची साथ आली की आकडा चढायचा. एका जुलैत २६ तारखेलाच ९८७ झाले. मी कंपाउंडरला म्हणालो, "राहिलेले पुढच्या महिन्यात धर." तो हसला, मीही हसलो. पुढच्या तीन वर्षांत आम्ही हे आणखी दोनदा केलं.

सूट होती ती प्राधिकारपत्र घेण्यापासून. कचरा कुणाला अपाय न होता हाताळायची जबाबदारी काही माफ नव्हती. ते वाक्य त्याच पानावर वर होतं, मी खालचं तेवढं वाचलं. प्राधिकारपत्र नाही, म्हणून कचरा नेणाऱ्या सामायिक केंद्राचं सदस्यत्व नाही, म्हणून त्यांची गाडी नाही. मागच्या बाजूला खड्डा काढून त्यात सुया टाकायच्या, वर चुना.

२००९ च्या पावसाळ्यात झाडलोट करणाऱ्या मावशींच्या तळहातात सुई घुसली. खड्डा पाण्यानं भरला होता म्हणून सुया कुणीतरी पिशवीत घालून कोपऱ्यात ठेवल्या होत्या, आणि मावशींनी ती पिशवी केराची समजून दाबून बांधली. सुई कोणत्या रुग्णाची, हे सांगणं अशक्य. कावीळ बीची लस घ्या, एचआयव्हीची तपासणी आज, सहा आठवड्यांनी, तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी. प्रत्येक तपासणीला मी त्यांच्याबरोबर जिल्ह्याला जायचो. एस.टी.त त्या खिडकीशी बसायच्या आणि एकच विचारायच्या, "घरच्यांस्नी सांगू नगा हं." नवऱ्याला काय सांगितलं, शेजारणीला काय सांगितलं, मला माहीत नाही. सहाव्या महिन्याचा अहवाल स्वच्छ आला. त्यांनी तो कागद घडी घालून ब्लाउजात ठेवला आणि दुसऱ्या दिवशी झाडू घेऊन कामावर आल्या.

२०१६ च्या नव्या नियमांनी ती हजाराची मेख काढून टाकली. आता रक्तदान शिबिर असो, लसीकरणाची मोहीम असो, शाळेतली प्रथमोपचाराची खोली असो, सगळे नियमात. पिवळी पिशवी, लाल पिशवी, काचेसाठी निळं, आणि सुयांसाठी पांढरा न भोसकणारा डबा. संघटनेच्या बैठकीत बरेच डॉक्टर कुरकुरले, की एका खोलीच्या दवाखान्याला एवढं कशाला? मी गप्प बसलो. आमचा अर्ज मी २००९ सालीच भरला होता, कायदा मागत नसताना.

५. सोनोग्राफीत सूट शोधू नये

नाही. सरकारी, खाजगी, धर्मादाय, फिरतं, उधारीवर आणलेलं, कुठल्याही यंत्राची नोंदणी लागते. गर्भलिंगनिदानाच्या बाबतीत देशात पहिला कायदा महाराष्ट्रानं १९८८ साली केला, केंद्राचा १९९४ चा नंतरचा. तपासणीच्या नोंदीच्या फॉर्म एफ मधला एक रकाना रिकामा राहिला तरी 'कारकुनी चूक' म्हणून सुटता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये स्पष्ट केलं. कारकून म्हणून मला तो शब्दप्रयोग जरा लागला. पण मुलींच्या जन्माचे आकडे बघितले की तक्रार करायला तोंड उरत नाही.

६. रात्री दोन वाजता पदवी कोण बघतो?

तालुक्याच्या गावात रात्रपाळीला एमबीबीएस डॉक्टर मिळत नाही. जाहिरात द्या, पगार वाढवा, खोली द्या. येतो तो पीजीची तयारी करत येतो आणि निकाल लागला की जातो. मग रात्री रुग्णालय कुणावर चालतं? बीएएमएस आणि बीएचएमएस झालेल्या मुलांवर. उघड गुपित आहे.

यातली सूट समजून घ्यायला मला वकिलाकडे जावं लागलं. आयुर्वेदाच्या ठरावीक पदव्या असलेल्यांना राज्य शासनानं नोव्हेंबर १९९२ च्या अधिसूचनेनं आधुनिक औषधं वापरायची मुभा दिली. असं करता येतं का, हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९९८ च्या मुख्त्यार चंद खटल्यात उत्तर आलं : राज्याचा कायदा तशी परवानगी देत असेल तर, आणि तिथवरच. म्हणजे म्हैसाळ ओलांडून कर्नाटकात शिरलं की इथली मुभा बरोबर येत नाही. होमिओपॅथीची गोष्ट निराळी. १९९६ च्या पूनम वर्मा खटल्यात, मुंबईतल्या होमिओपॅथी डॉक्टरनं ॲलोपॅथीची औषधं दिलेला रुग्ण दगावला. जी पद्धत आपण शिकलो नाही तिची औषधं देणं हाच निष्काळजीपणा, असं न्यायालय म्हणालं आणि पत्नीला तीन लाखांची भरपाई दिली. २०१४ साली आपल्या राज्यानं कायदा बदलून, औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम केलेल्या होमिओपॅथांना मर्यादित मुभा दिली. त्यावरून दोन्ही बाजूंची भांडणं अजून चालू आहेत.

आमच्याकडचा प्रसंग २०१४ च्या आधीचा. बीएचएमएस झालेला गुणी पोरगा रात्रपाळीला होता. पहाटे एक शेतकरी छातीत कळ येते म्हणून आला. पोरानं फिजिशियन साहेबांना फोन केला, त्यांनी सांगितलं ते दिलं, साहेब दहा मिनिटांत पोहोचले, रुग्ण मिरजेला गेला आणि वाचला. सगळं नीट झालं. फक्त केसपेपरच्या पहिल्या पानावर सही पोराची होती, साहेबांच्या फोनचा उल्लेखच नव्हता. महिन्याभरानं विम्याच्या कामासाठी नातेवाईक नकला मागायला आले आणि वाचता वाचता त्यांच्यातल्या एकानं विचारलं, "हे डॉक्टर कशाचे?" पुढं काही झालं नाही. मला मात्र दोन महिने झोप नव्हती.

नंतर मी शिक्के करून घेतले. नाव, पदवी, नोंदणी क्रमांक. फोनवरचा सल्ला कुणी, किती वाजता दिला, त्याची ओळ वेगळी. मुलं सुरुवातीला नाराज झाली, त्यांना तो अपमान वाटला. मी म्हणालो, "बाळांनो, उद्या मी कोर्टात येणार नाही, हा कागद येणार."

आता माझं मत. सरकारला खेड्यात डॉक्टर पाठवता येत नाहीत, म्हणून ते सूट पाठवतं. पण हेही खरं की त्या पोरांनी रात्री डोळे उघडे ठेवले नसते तर आमच्या तालुक्यात रात्री फक्त कुलूप असतं. मुंबईतल्या एसी खोलीतून या वादावर बोलणाऱ्यांनी एक रात्र आमच्या बाकड्यावर बसून बघावी.

७. सरकारी दवाखान्याचा हेवा

बरीच वर्षं मला तो वाटायचा. त्यांना शुश्रूषागृहाची नोंदणी नाही, गर्भपात केंद्राची मान्यता वेगळी घ्यायला नको, कारण १९७१ चा कायदा सरकारी रुग्णालयाला मान्यताप्राप्तच धरतो. आम्ही मात्र प्रत्येक दाराशी टाचा घासत उभे.

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या विभागाला आग लागली आणि १० बाळं गेली. त्याच महिन्यात शुश्रूषागृहांचे सुधारित नियम निघाले : दरपत्रक दर्शनी भागात लावा, रुग्णहक्कांची सनद लावा, बिलासाठी मृतदेह अडवू नका. चांगले नियम. लागू कुणाला? आम्हाला. नोंदणी असती तर ती आग टळली असती असा माझा दावा नाही. नोंदणी असलेल्या खाजगी रुग्णालयांतही आगी लागल्याच, विरारची त्याच वर्षीच्या एप्रिलमधली. पण दर तीन वर्षांनी कुणीतरी परका माणूस येऊन 'ही वायर कसली?' असं विचारतो, त्याचा राग यायचा तो त्या जानेवारीत गेला. त्या महिन्यात अग्निशमनाचा फॉर्म बी भरताना मी पहिल्यांदा प्रत्येक नळकांड्यावरची तारीख स्वतः जाऊन वाचली. दोन संपलेल्या होत्या.

८. एक सूट पाठ असावी

अण्णांच्या श्रद्धेमुळं आमच्या रुग्णालयानं गर्भपात केंद्राची मान्यता कधी मागितलीच नाही. "पोरं जन्माला घालायला दवाखाना काढलाय," असं ते म्हणत. तो विषय माझ्यासाठी बंद होता. पण १९७१ च्या कायद्याची प्रत जिल्ह्याहून आली, तेव्हा सवयीनं वाचली आणि 'लागू नाही'मध्ये ठेवली. ठेवताना पाचव्या कलमाखाली पेन्सिलीची रेघ मारली. का, ते सांगता येणार नाही. वाक्य वेगळं वाटलं म्हणून.

२००५ चा पूर. सांगलीचा रस्ता पाण्याखाली, मिरजेचा पाण्याखाली. संध्याकाळी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून एक बाई आणली. साडेचार महिन्यांची गरोदर, रक्तस्राव थांबत नव्हता, ओठ पांढरे. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि बाहेर येऊन मला म्हणाल्या, "भाऊ, गर्भ काढल्याशिवाय ही जगत नाही. आपल्याला मान्यता नाही. बारा आठवड्यांच्या पुढं दोन डॉक्टरांचं मत लागतं, मी एकटी आहे. बोला."

मी फाईल काढली. दिवे गेले होते, जनरेटर थिएटरपुरता. बॅटरीच्या उजेडात त्यांना पाचवं कलम वाचून दाखवलं : गरोदर स्त्रीचा जीव वाचवण्यासाठी तातडीनं गर्भपात करणं आवश्यक आहे असं नोंदणीकृत डॉक्टरचं प्रामाणिक मत असेल, तर जागेची अट लागू नाही, आठवड्यांची नाही, दोघांच्या मताचीही नाही. बाईंनी ते दुसऱ्यांदा वाचायला लावलं. अण्णा दारात उभे होते. पुरामुळं मदतीची भाकरी पोचवायला आले होते. सगळे त्यांच्याकडं बघत होतो. ते काही बोलले नाहीत. डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि बाकड्यावर बसले.

पाऊण तासानं बाई बाहेर आल्या. पहिलं वाक्य : "वाचली." दुसरं : "फॉर्म काढा." गर्भपातानंतर तीन तासांच्या आत तो डॉक्टरनं भरायचा असतो. कोरा फॉर्म आमच्याकडं असण्याचं कारणच नव्हतं. मी केसपेपरच्या पाठकोऱ्या कागदावर नियमातला मजकूर उतरवून काढला, बाईंनी भरला, वेळ टाकली : रात्री ९.४०. पूर ओसरल्यावर तो जिल्ह्याला नेऊन दिला आणि आवक क्रमांकासह पोच आणली. कुणी काही विचारलं नाही. ती बाई दोन वर्षांनी बाळंतपणाला आमच्याकडंच आली. अण्णांनी बारशाला गूळ पाठवला.

२०२२ च्या मार्चमध्ये माझ्या जागी एक मुलगी आली. एम.कॉम., चुणचुणीत, सगळं संगणकात भरणारी. खण रिकामा करताना तिनं ती फाईल उचलली. आत बाईंच्या कपाटाच्या अटींचा कागद, पाचवं कलम आणि त्या रात्रीची पोच.

"काका, ही स्कॅन करून टाकून देऊ?"

मी काही म्हणालो नाही, चहा सांगायला गेलो. परत आलो तर ती तिन्ही कागद वाचत बसली होती. माझ्या अक्षराखाली तिनं पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'शेवटचं तपासलं :', आणि पुढं त्या दिवसाची तारीख.